खांबापासून दारापर्यंत

४ नोव्हेंबर

चि. भागूबाई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

मॅडम गेल्या. पेपरात वाचलंस का? वाचलं नसशील, कारण बातमी शोधावी लागते. शेवटच्या पानावर, पंख्याच्या जाहिरातीखाली, चार ओळी. जुन्या नृत्यपटांची नायिका, वय अमुक, मागे कोणी नाही. संपलं! चाळीस पायऱ्यांचा जिना उंच टाचांवर नाचत उतरणारी आणि उतरताना एकदाही पायांकडे न बघणारी बाई, तिला चार ओळींत उरकली. शिवणकामाला बसल्या बसल्या वाचलं आणि माझ्या हातून शाळेच्या गणवेशाची बाही उलटी लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बाबा असते तर त्यांनी तो पेपर टराटरा फाडला असता. आठवतं ना, मशीनच्या खोलीत तिचं रीळ लागलं की ते कानावरची पेन्सिल काढून ठेवायचे, मॅडम आल्या म्हणायचे, आणि नाच संपेपर्यंत आपल्याशी चकार शब्द बोलायचे नाहीत. थिएटरातला ऑपरेटर, दिवसाला तीन खेळ बघणारा माणूस. दुसऱ्या एकाही नटीचं नाव त्यांना धड आठवायचं नाही.

तर मी ठरवलंय. आमच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी कार्यक्रम असतो. या वेळी तिच्या आठवणीसाठी मी तो जिन्याखालचा नाच करणार. सगळा. खांबापासून दारापर्यंतच्या उडीसकट, चौसष्टाव्या वर्षी. हे मी तुला विचारत नाहीये, कळवतेय.

लोभ आहेच, तो या बातमीनंतरही टिकव.
तुझी,
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीवर ठेवून वाचलं. वाचताना माझा चेहरा असा काही झाला की दोन पेशंटनी विचारलं, सिस्टर, घरी सगळं बरं आहे ना?

मॅडम गेल्याचं मलाही वाईट वाटलं. चार ओळींचा रागही आला. पण हाडांच्या वॉर्डात माझी एकतीस वर्षं गेलीत, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे मी स्वतः उजेडाला धरून पाहिलाय. आतली गादी झिजलीय, हाडावर हाड घासतंय. डॉक्टरांनी तुला जिने टाळायला सांगितलं आणि तू उड्या मारायला निघालीस! चौदाव्या वर्षी ती उडी मारलीस तेव्हा आईचा आरसा गेला. पंधराव्या वर्षी पुढचा दात गेला. आता काय जाईल ते मी सांगायला हवं का?

बोल ना तिच्याबद्दल. तुझ्याइतकं तिच्यावर कोण बोलू शकणार आहे? हवं तर हात हलवून दाखव. पण नाच नको, आणि उडी तर मुळीच नको. ऐकणार नसशील तर मी येणार नाही. पडलेली माणसं मी रोज उचलते, त्यात तुला उचलायची हिंमत माझ्यात नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र टाक.
तुझी,
धाकटी (भागूबाई म्हटलेलं मला आजही आवडत नाही)

१४ नोव्हेंबर

चि. भागूबाई हीस,
आशीर्वाद, थोडे हात आखडून.

तू एकटीच नाहीस, रांग लागलीय. वाचनालयाचे चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, अजून सगळ्या गावाला सातवीतलंच समजतात. त्यांचं म्हणणं, मी सात मिनिटं माहिती वाचावी, नाच वयाला शोभणार नाही. मी म्हटलं, सात मिनिटंच घेते, फक्त तोंडाऐवजी पायांनी बोलते. चिरंजीव म्हणाले, आई, लोक मोबाइलवर काढतील आणि माझ्या ऑफिसात हसतील. म्हटलं, हसू देत, हसल्यानं कुणाची बदली होत नाही. सूनबाई मात्र जुन्या पडद्यांचं पांढरं अस्तर माझ्या शिवणाच्या मशीनवर ठेवून गेली. त्याचा सात थरांचा घेर बेतलाय. कोपऱ्यावरच्या मोच्यानं बुटांच्या टाचांना पत्रे ठोकून दिले. फरशीवर असे वाजतात की काय सांगू!

पण खरा धक्का वेगळाच बसला. आमच्या वरच्या मजल्यावर नाचाचा क्लास आहे. तिथली शिक्षिका मला सरावाला खोली देते. परवा तिनं मॅडमचा तो नाच कॉम्प्युटरवर शोधून लावला. पन्नास वर्षांनी बघत होते. मॅडम खांबाशी आल्या तशी मी खुर्चीतून अर्धी उठले, आता उडी म्हणून. उडी आलीच नाही. मॅडम खांबाला एक हात लावून, हसत हसत, सावकाश गिरक्या घेत दारापर्यंत गेल्या. चांगल्या आठ मात्रा. शिक्षिकेनं फार जपून सांगितलं की आजी, मूळ नाचात उडी कुठेच नाही.

तू सांग, मी वेडी आहे का? तूही पाहिली होतीस ना? क्षणात खांब, क्षणात दार, मध्ये पाय जमिनीला लागायचेच नाहीत. त्या उडीसाठी तर मी तिला देव मानलं. मग इतकी वर्षं मी नाचत होते तो नाच कुणाचा? घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले, खोटं कशाला सांगू.

तुझ्या उत्तराची वाट बघतेय. या वेळी गुडघा सोडून बोल.
ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू वेडी नाहीस. आपल्या थिएटरात ती उडी होती, आणि ती माझ्यामुळे होती.

तो सिनेमा लागला त्या आठवड्यात तुला गोवर निघाला होता. म्हणून मशीनच्या खोलीतल्या तुझ्या स्टुलावर पहिल्यांदा मी बसले. तुला माहीतच आहे, त्या स्टुलावर बसणाऱ्याचं काम एकच. मशीनमधला फिल्मचा वळसा सैल राहतोय ना ते बघायचं, आणि आखडायला लागला की ओरडायचं. बाबा पाणी प्यायला बाहेर गेले. मला चार वेळा बजावून गेले. तेवढ्यात मॅडम जिन्यावरून उतरल्या. मी आठ वर्षांची होते, ताई. मी मशीन सोडून भिंतीतल्या झरोक्याला नाक लावलं. मागे वळसा आखडला, फिल्म अडकली, फाटत गेली, दिव्याच्या आचेनं जळली, आणि पडद्यावर मॅडमच्या तोंडावर तपकिरी फोड येऊन पसरला. खाली लोक शिट्ट्या मारायला लागले.

बाबांनी फाटलेली, जळलेली चार हात फिल्म, म्हणजे खांबापासून दारापर्यंतचा सगळा तुकडा, कापली, कडा खरवडल्या आणि जोड मारला. मला मारलं नाही. एवढंच सांगितलं की हे कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल, ताईलासुद्धा बोलू नकोस. आठवड्यानं तू बरी होऊन आलीस, आणि तुला ती उडी दिसली. घरी येऊन तू अंगणात उडी मारलीस तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. नंतर किती वेळा सांगावंसं वाटलं. पण तू इतकी खुशीत असायचीस की जीभच उचलली नाही. तुझा दात पडला त्या दिवशी मी जेवले नव्हते, आठवतं? पोट दुखतंय असं सांगितलं होतं.

सोबत त्या कापलेल्या फिल्ममधली सहा चित्रं पाठवतेय. केराच्या डब्यातून उचलली होती, आजवर पावडरीच्या डब्यात होती. उजेडाला धर. मॅडम पाठमोऱ्या आहेत, गिरकी सुरू होतेय.

आता खरं काय ते कळलंय, तर हात जोडून सांगते, ती गिरकीच घे. गिरकी गुडघ्याला झेपेल, आणि तीच खरी आहे. माझी चूक आता तरी तुझ्या पायाने फेडू नकोस.

क्षमा कर, आणि जमलं तर लोभ कमी करू नकोस.
तुझी,
भागूबाई (आज मीच लिहिलं)

२२ नोव्हेंबर

चि. भागूबाई हीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी ओंजळ भरून.

आठ वर्षांच्या पोरीसमोर मॅडम नाचत होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली, यात चूक कसली? मशीनकडे बघत बसली असतीस तर मी तुझ्याशी नातं तोडलं असतं. बाबांच्या चोरट्या स्वभावाचं मात्र नवल वाटतं. मला उडी शिकवताना अंगणात उभे राहून अजून उंच, अजून उंच म्हणायचे, लबाड कुठले!

आता उडीचं. गिरकी सुंदर आहे, मी वीस वेळा बघितली. पण ती मॅडमची आहे, आणि मॅडमची गिरकी मॅडमनीच घ्यावी. उडी तू जाळलीस, बाबांनी कापली, मी मारली. जगात तेवढी एकच उडी अशी आहे जी मी तिला बघून शिकले आणि जी तिनं कधी मारलीच नाही. ती मी चिटणीसांना घाबरून सोडू? एक्स-रेला घाबरून सोडू? बाई, मी दात दिलाय तिच्यासाठी.

तुझी सहा चित्रं घेराच्या पट्ट्यात आतून शिवून टाकलीत. तू येणार नाहीस ते कळलं. तिथूनच डोळे मिटून बस.

गुडघ्याला मी समजावलंय, तूही समज.
तुझी,
ताई

१ डिसेंबर

चि. भागूबाई हीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही तरी लिहिते. पाय स्टुलावर आहे, त्यावर बर्फ आहे, गुडघा नारळाएवढा झालाय, आणि मी मजेत आहे.

वाचनालयातला कोट टांगायचा खांब मध्ये उभा केला होता. दार मात्र खरं, हॉलचंच. चिटणीसांनी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या अशा मागे घेतल्या होत्या की जणू आता स्ट्रेचर आत येणार. सुरुवातीला दोन पोरं हसली, मग टाचा वाजायला लागल्या आणि गप्प झाली. जिना नव्हता, तर वरची पुस्तकं काढायची शिडी होती, तिच्या तीन पायऱ्या उतरले. पायांकडे बघितलं नाही. खांबाशी आले. गुडघ्यानं आदल्या दिवसापासून नोटीस दिली होती, ती तिथेच फाडली आणि उडी मारली. धाप्पकन आवाज झाला. मी उभी होते.

मग शेवटच्या रांगेतून दोन बोटांची शिट्टी आली. लांब, आणि शेवटी वर जाणारी. अशी शिट्टी आपल्या थिएटरच्या दारवानानं आयुष्यात एकाच मुलीला शिकवली. टाळ्या थांबेपर्यंत मी लंगडत तिथवर पोचले तर खुर्ची रिकामी.

तू आली होतीस, भागूबाई. आता एक सांग. इथे सगळे वा वा करतात, पण त्यांनी आपल्या थिएटरातली उडी पाहिलेली नाही. ती फक्त तू पाहिलीयस. तशी झाली का?

बाकी काहीही लिहू नकोस, एवढंच लिही.
ताई

४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो, आले होते. पिशवीत बर्फ, बँडेज आणि पायाला बांधायची फळी घेऊन. चारची ड्यूटी होती म्हणून पळाले, आणि रडून नाक लाल झालं होतं म्हणूनही. बर्फाची पिशवी सूनबाईकडे देऊन गेले, तीच तुझ्या गुडघ्यावर आहे.

उडी कशी झाली विचारतेस. खरं सांगू? मी पाहिली नाही. तू खांबाशी आलीस, गुडघा वाकवलास, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. आवाज आला तेव्हा उघडले तर तू दाराशी. क्षणात खांब, क्षणात दार, मध्ये काही नाही. अगदी तशीच, ताई. आपल्या थिएटरात दिसायची तशीच.

शिट्टी त्यानंतर आपोआप गेली. पण मला ते मधलं बघायचंय. लहानपणी बघत बसले म्हणून ते गेलं, आणि परवा बघितलं नाही म्हणून गेलं. आता तिसऱ्यांदा मी ते जाऊ देणार नाही. सूज उतरेपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही. नंतर रोज दोनदा व्यायाम, तो कसा करायचा त्याची चित्रं काढून सोबत ठेवलीत. मार्चच्या शेवटच्या रविवारी तू पुन्हा नाचतेयस. चिटणीसांना मी परस्पर पत्र टाकलंय. त्यांना विचारलेलं नाही, कळवलंय.

मी पहिल्या रांगेत असेन. माझी खुर्ची मागे घेऊ नका म्हणावं.

तुझी,
भागूबाई