तांबड्याच्या खपल्या

१६ ऑक्टो. ९७, गुरु.
गुरांच्या दवाखान्यातले गावड आले सकाळी. कोंबड्यांना देवीची लस. बाटली शंभरांची, एकदा फोडली की लगेच संपवायची, म्हणून आळीतल्या सगळ्यांनी टोपल्या भरून आमच्या ओट्यावर आणल्या. नुसता कलकलाट, पिसंच पिसं. दोन टोकांची सुई लसीत बुडवायची आणि पंखाच्या पातळ कातडीतून आरपार. झालं.
माझ्या दहा टोचल्या. तांबड्याला मी आधीच मागे केळीत बांधून ठेवलं होतं. गावड म्हणाले, "बाई, कोंबडा दिसत नाही तुमचा?" म्हटलं, त्याचं झालं मघाशी.
खोटं. पापनिवेदनात सांगावं लागेल.
पण टोचल्या जागी खपली धरते, डाग राहतो. तांबडा देवळातल्या माऊलीला नवस बोललेला. रेजीला सातवा लागला त्या दिवशी वेदीपाशी बोलले होते, मागल्या वर्षीसारखं होऊ देऊ नकोस, ही लेक सुखरूप मोकळी होऊ दे, तुझ्या सणाला तांबडा आणते. बोललेल्या जिवावर डाग कसा चालेल.

२४ ऑक्टो.
दहाही कोंबड्यांच्या पंखाला मसुराएवढी खपली. गावड म्हणाले होते तसंच, लस लागली. तांबडा तेवढा स्वच्छ. सकाळच्या उन्हात कुंपणावर उभा राहतो तेव्हा मागची केळीची पानंही तांबूस वाटतात. बघत राहिले. दूध उतू गेलं.

२ नोव्हें., रवि.
रे. आली. जावई सोडून गेले, बाळंतपण होईपर्यंत आता इथेच. पोट खाली उतरलंय असं मला वाटतं, ती म्हणते अजून दीड महिना आहे, आय. दुपारी मिस्साहून येऊन आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. वारा अजिबात नव्हता, ज्योत सरळ. बराच वेळ तिथे बसले. कशाचा विचार केला आठवत नाही.
डास फार. वाडीपलीकडे बिल्डिंगसाठी पाया खणून ठेवलाय तो पाण्याने भरून पडलाय.

१० नोव्हें.
तांबड्याच्या तुऱ्यावर बारीक पांढुरके ठिपके. कोंड्यासारखे. पदराने पुसले. निघाले नाहीत.

१२ नोव्हें.
ठिपक्यांच्या पुळ्या झाल्या. डाव्या डोळ्यावर मोठी. ओरडत नाही. बाकी दहाजणी चरतायत, जणू काही...
पाचूबंदरहून काशीबाय मासे घेऊन आली. टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "देवी आलीय गो त्याला. घरात फोडनी देऊ नको. निंबाचा पाला बांध, पानी शिंपड." म्हटलं, आम्ही ख्रिस्ती, काशीबाय. "मंग? कोंबडा काय बाप्तिस्मा घेतलेला हाय?"
पाला बांधला. फोडणीही नाही दिली.

१३ नोव्हें.
जेवताना रेजीचे पप्पा, "वरणाला काय झालंय?" म्हटलं, काही नाही, पचायला हलकं, रेजीसाठी. ते म्हणाले, "मग मला का? मला कुठे दिवस गेलेत?" रे. हसता हसता ठसकली. मी पण हसले. मग उठून मागे गेले आणि खुराड्यापाशी उभी राहिले.

१४ नोव्हें.
पप्पांना कळलं. म्हणाले, भरल्या पोटाची पोर घरात आहे आणि तू देवीचा कोंबडा पाळतेस, आजच्या आज काढ. मी पटकन बोलून गेले, काढता येणार नाही, तो माझा नाही.
सायकलवरून स्वतःच दवाखान्यात गेले. परत आले ते गावडांना घेऊनच. गावड म्हणाले, ही कोंबड्यांची देवी वेगळी, माणसाला होत नाही. रेजीला हसून सांगितलं, ताई, निर्धास्त राहा. मग तांबड्याचे पंख उलटून पाहिले. दोन्ही. माझ्याकडे पाहिलं.
"टोचलेलं नाही हे."
गावड रागावले नाहीत. लाल औषध दिलं, पाण्यात घालून पुसायला, वरून ग्लिसरीन. खुराड्यात कडुनिंबाची धुरी, डासांसाठी. एक मात्र दोनदा बजावलं, खपल्या गळतील त्या वेचून जाळा, रोग त्यांच्यातच असतो, आणि शेवटची खपली पडेपर्यंत त्याला दुसऱ्या कोंबड्यांत सोडू नका.
शेवटची खपली. मी विचारलं, कधी पडेल? म्हणाले, तीन आठवडे, चार. त्याच्यावर आहे.
माऊलीचा सण ८ डिसेंबरला. चोवीस दिवस.

१७ नोव्हें.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात देवळात मिस्सा चाललेली, मी सगळ्यात मागे. मधल्या वाटेवरून तांबडा एकटाच चालत वेदीकडे निघालाय, हळू, नवरीसारखा, आणि प्रत्येक पावलाला त्याच्या अंगावरून काहीतरी पडतंय. जवळ जाऊन बघते तर प्राजक्ताची फुलं. वेचायला वाकले तर हाताला लागेनात.
जागी झाले तेव्हा रे. शेजारी बसून माझ्या केसांवरून हात फिरवत होती. "झोपेत काय वेचत होतीस, आय?"

१९ नोव्हें.
सगळं रे.ला सांगितलं. बोललेलं, लपवलेलं, गावडांना सांगितलेलं खोटं. वाटलं, घाबरेल, पोटावर हात धरेल. ती ब्लाऊजची बाही वर करून दंड दाखवायला लागली, तिचे ते लहानपणी टोचल्याचे गोल डाग. "मला टोचायला आले तेव्हा का नाही लपवलंस केळीत? मी पण देवाचीच होते ना?"
म्हटलं, तुझी थोरली मावशी बघितली असतीस तर कळलं असतं. मावशीच्या चेहऱ्यावर बोट टेकायलाही सपाट जागा नव्हती. तुझ्या वेळी तर मी रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसले होते, भांडून.
ती म्हणाली, "मग?"
मग काय. माझ्याही दंडावर आहेत ते दोन गोल. आंघोळीला रोज दिसतात, आणि ध्यानात आलं नाही.

२३ नोव्हें., रवि.
तांबडा ताकात भिजवलेला भात खातो, मांडीवर घेऊन भरवला तर. डावा डोळा मिटलेलाच. उजव्याने बघतो. सकाळी धुरी केली की धूर वाडीत पसरून राहतो, केळी त्यात तरंगल्यासारख्या. घंटा होते तीही धुरातून येते असं वाटतं. अशा वेळी मला कशाचीच भीती वाटत नाही. ऊन चढलं की वाटते.

२८ नोव्हें.
खपल्या वाळल्या. आज सहा पडल्या. चिमट्याने उचलून चुलीत. राहिल्या नऊ.

१ डिसें.
राहिल्या पाच. रे.चे पाय सुजलेत. माणिकपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा तारखेच्या आसपास, पण तयारीत राहा. पिशवी भरून दाराशी ठेवली. जुन्या लुगड्याच्या लंगोट्या शिवून झाल्या, बारा.

५ डिसें.
दोन. एक तुऱ्यावर, एक डाव्या डोळ्यावर.
शेजारची मार्था बघायला आली. म्हणाली, "वेडी आहेस, बाजारातून एक धड कोंबडा आण, कोण ओळखणार?" तिला समजावत बसले नाही. जिला द्यायचा तिला ओळखू येतो.

६ डिसें.
तुऱ्यावरची पडली. डोळ्यावरची आहे.
दुपारी घरी कोणी नव्हतं. खोबरेल तेलात कापूस भिजवला, तांबड्याला मांडीवर घेतलं. नखाने कड नुसती उचलली. कड उचलली तसं रक्त आलं. तो हललाही नाही, उजव्या डोळ्याने बघत राहिला फक्त. दाबून धरलं, थांबेपर्यंत. माऊली, मी काय करायला बसले होते.

७ डिसें., रवि.
फादरांना सगळं सांगितलं. गावडांशी बोललेलं खोटं पण. फादर नवीन आहेत, घाटावरचे, त्यांना इथलं माहीत नाही. म्हणाले, आणा की, काय हरकत आहे? मी सांगितलं, फादर, अर्पणाचे सगळे कोंबडे एका खुराड्यात ठेवतात, मिस्सा झाली की दारात लिलाव, ज्याने बोली जिंकली तो आपल्या घरी नेतो, आपल्या कोंबड्यांत सोडतो. माझा तिथे तासभर बसला तर देवी दहा आळ्यांत जाईल. गावडांनी टोचल्या त्या फक्त आमच्या आळीच्या.
फादर म्हणाले, "मग तुम्हीच ठरवलंय की."
ठरवलं नव्हतं. बोलता बोलता ठरलं.

८ डिसें., सोम. सण.
पहाटेपासून धुकं. तांबड्यासाठी घेतलेली नवी टोपली, लेसचा रुमाल घालून, रिकामीच घेऊन गेले. अर्पणाच्या रांगेत माझ्यापुढे मार्थाचा कोंबडा, मागे कुणाची तरी केळी. टोपली हलकी इतकी की हात वर वर जात होते. वेदीपाशी फादरांनी दोन्ही हातांनी घेतली, भरलेली घेतात तशीच.
बायकांत कुजबुज झाली. मार्था दारात म्हणाली, "रुमाल तरी परत घ्यायचास."
माऊलीला म्हटलं, बोललेलं विसरले नाही. एक खपली राहिलीये.
घरी आले तर रे. ओट्यावर खांब धरून उभी. "आय, पाणी गेलं." एक आठवडा आधी. पप्पा रिक्षा आणायला नाक्यावर धावले.
हे पिशवीशेजारी उभ्यानेच लिहितेय. रे.ला कळ आली की हात धरते, गेली की पेन. तिने विचारलं, "तो कसाय?" जाऊन पाहिलं. दोन्ही डोळे उघडे आहेत. डावा अर्धाच, खपली कडेला लोंबतेय, वाऱ्याने हलली तरी सुटत नाही.
धुकं अजून आहे. त्यातून रिक्षाचा आवाज येतोय, का तांबडाच घसा साफ करतोय... रे.ने हात मागितला.