हेड बदलायचं राहिलंय

आप्पा, आज चिमटा धरलेला हात थरथरला. सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल, अशी मनाची समजूत घातली. मग चहा घेतला, जेवले, तरी थांबेना. तुमचंही असंच सुरू झालं होतं, उजव्याच हातापासून. मला भीती वाटतेय.

तो खंडेनवमीचा दिवस आठवतो. वाळूजच्या कंपनीत तुमच्या प्रेस मशीनची पूजा आटोपून तुम्ही घरी आलात आणि हळद-कुंकवाचं ताट घेऊन थेट माझ्या टेबलाकडे निघालात. काचेच्या पेटीत कुणाची तरी दुरुस्तीला आलेली हार्ड डिस्क उघडी होती. "आप्पा, तिथंच थांबा," मी ओरडले. तुम्ही ताट धरून उभे, श्वाससुद्धा रोखलेला. मग मी लांबूनच दाखवलं. ही आरशासारखी तबकडी गरगर फिरते, तिच्या वाऱ्यावर हे इवलंसं हेड तरंगतं आणि न टेकता खालचं वाचतं. मधल्या फटीत धुळीचा कणही मावत नाही. हेड टेकलं की तबकडी खरवडते, आणि खरवडलेलं पुन्हा कुणाला वाचता येत नाही. "अन् लाईट गेली तर?" तुम्ही विचारलंत. तबकडी लगेच थांबत नाही, त्या उरलेल्या फिरण्यातूनच वीज मिळते आणि हेड कडेला आपल्या जागी जाऊन बसतं, असं मी सांगितलं. "लई डोकं लावलंय," तुम्ही म्हणालात. तोवर ताटातलं कुंकू सांडत होतं. तुम्ही दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलंत. "माझा हात असल्या कामाजवळ नगं बाई." कंपनीत मात्र तुम्ही खांदा दुखतो म्हणून सांगत होतात.

मागच्या आठवड्यात कन्नडहून एक बाई डिस्क घेऊन आल्या. चालू केली की नुसती टकटक वाजते. हेड जागा शोधतं, सापडत नाही, मागं फिरतं. त्यांच्या वारलेल्या मुलीचे सगळे व्हिडिओ त्यातच आहेत. "पोरीचा आवाज तेवढा काढून द्या ताई, दुसरं काय नगं." त्यासाठी दुसऱ्या तशाच डिस्कचं हेड काढून यात बसवायचं. बसवताना हात केसभर हलला तरी ओरखडा उठेल, आणि ती मुलगी दुसऱ्यांदा जाईल. हे काम मी डोळे झाकून करते अशी फुशारकी मारायचे. आता उघड्या डोळ्यांनीही धजत नाही. दुसऱ्याकडे द्यावं तर का देते ते सांगावं लागेल. दवाखान्यात जावं तर डॉक्टर तुमच्याच आजाराचं नाव घेतील.

मघाशी कन्नडच्या त्या बाईंचा फोन आला. हेडचा पार्ट पुण्याहून यायचाय, म्हणून सांगितलं. "येऊ द्या, मी थांबते," त्या म्हणाल्या. आप्पा, पार्ट सोमवारीच आलाय.