एका बाराची बंदूक

१२ सप्टेंबर २०००, मंगळवार
आन वरून मालकाला हसू येऊन राहिलं! रात्रीतून डुकरांनी भुईमुगाची दोन तासं, दोन अख्ख्या ओळी, उकरून खाल्ली, टरफलं माझ्यासाठी ठेवली, आन हे बशीतल्या चहाला फुंकर मारत म्हणतेत, सोयाबीन पेरलं असतं तर डुकरानं तोंड लावलं नसतं. अवो, डुकराच्या आवडीनं पेरायचं का आता? लगीन झाल्यापासून समद्या वावरात त्यांच्याच मर्जीचं पेरलं. यंदा भांडून नाल्याकाठचा एवढा तुकडा घेतला, त्यात शेंगा लावल्या. तर रोज तेच टोमणं.
जागलीला हेच जातेत. मचाणावर घोरतेत. डुकरांना ते घोरणं ओळखीचं झालं. घोरणं ऐकू आलं की येतेत.
म्हणून ठरवलं. बंदूक करायची. घरी. मालक म्हणे, कर की. तू बंदूक केलीस तर शेंगा येवोत न येवोत, तुकडा जन्मभर तुझा. न्हाई झाली तर पुढच्या मिरगाला तिथं सोयाबीन, आन तोंडातून शेंगाचा श बी काढायचा न्हाई. म्हातारी साक्षीला होती. सासू माझी, पर साक्ष बराबर देईल. तिला बी शेंगा आवडतेत.

१४ सप्टेंबर, गुरुवार
डिझाइन तयार. बाळापूरच्या ब्यांकेत लाइनीत उभी होते तवा दारावरच्या शिपायाची बंदूक नीट पाहून घेतली होती. पाइप, लाकूड, घोडा. तीन वस्तू. एवढ्याला सरकार लायसन काहून मागते कळत न्हाई.
दोन बाराची मोठ्या लोकांची. आपल्याला एकच बार पुरे. मारायचं कुणालाच न्हाई. एक मोठा आवाज झाला की डुकरं एकमेकांना सांगतेत.
मालक म्हणे पितरपाठ चालू हाये, नवं काम काढू नको. मी म्हणलं नवं काय हाये त्यात? सामान समदं जुनंच हाये.
पाइप जुन्या मोटरीचा. लाकूड म्हातारीच्या बाजेचा एक पाय. घोडा म्हणून दाराची कडी. बजेट शून्य.

१७ सप्टेंबर, रविवार
म्हातारी बाजेवरून खाली आली. लागलं न्हाई. पायाच्या जागी विटा लावून दिल्या. म्हणते डोकं उतारावर अन् पाय चढावर, झोपेत नांदेडला घसरत चालल्यासारखं वाटते. तिला समदी तकलीफच वाटते.
दाराला कडी न्हाई, सुतळीनं बांधलं. शेळीनं सुतळी खाल्ली, मग आत येऊन भाकरी खाल्ली.
जळबा लोहाराकडं गेले. पाइप पाहून म्हणे, वैनी, पंपाचं काम का? मी म्हणलं बंदुकीचं. त्यानं भाता बंद केला. म्हणे मला दोन लेकरं हायेत. मी म्हणलं घेऊन ये त्यांना बी, पाहतील. आला न्हाई. लोकांत हिंमत राहिली न्हाई.
पाइप लाकडाला मीच तारेनं बांधला. फिनिशिंग शिपायाच्या बंदुकीपरीस बरं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
बंदूक तयार. टेस्ट घेतली. दारू भरलेली न्हाई म्हणून खांद्याला लावून तोंडानंच ठो म्हणलं. शेजारच्या जिवनबाईची कोंबडी आरडत पळाली. म्हणजे चालते.
जिवनबाई म्हणे, नर्मदाबाई, कोंबडी तर माझ्या खोकल्याला बी पळते. जळकुकडी.
रात्री आणखी पाच तासं गेली. आजच खरा बार काढणार होते. म्हातारी म्हणे पितरपाठात बार काढला तर पितर दचकतील. मामंजी तसे बी घाबरटच होते. घट बसल्यावर काढू.

२८ सप्टेंबर, गुरुवार
घट बसले. पर मनात आलं, खंडेनवमीला हत्याराची पूजा होते. पूजा व्हायच्या आधी हत्यार चालवलं तर ते ऐकत न्हाई. आता एवढं थांबले तर नवमीपस्तोर थांबू. घाई मला पसंत न्हाई.
तीन तासं गेली. मालक म्हणे डुकरं शेंगा उरकायला लागली, तुझी बंदूक कवा उरकते?

६ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी
पूजा झ्याक झाली. सकाळीच बंदुकीत फटाके सोलून काढलेली दारू ठासून भरली. मग पाटावर नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, मधोमध बंदूक. हळद-कुंकू, शेंदूर, झेंडूची माळ. नारळ फोडला आन त्याचं पाणी समदं नळीत वतलं. देवाच्या कामात हात आखडायचा न्हाई.
मालक पाहत होते. काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. पहिल्यांदा माझ्या कामाचा मान ठेवला.
उद्या दसऱ्याला सोनं लुटल्यावर पारापाशी बार. समद्या गावाला सांगितलं. मालकाला बी सांगितलं, उद्या जागलीला जायचं न्हाई. बार झाल्यावर जागलीची गरजच काय?

७ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
समदे आले. पोलीस पाटील उकंडराव बी आले, टोपी घालून. घोडा वढला. खट झालं. पुन्हा वढला. पुन्हा खट. मग नळी खाली केली तर पाणी गळायला लागलं. जळबा म्हणे, वैनी, नळ आला, हंडे आणा. लोक पोट धरून बसले.
हवा दमट होती.

८ ऑक्टोबर, रविवार
सकाळी वावरात गेलो. रात्री गावातलं एक माणूस वावरात नव्हतं. समदे माझी बंदूक पाहून, जेवून झोपले. डुकरांनी निवांत खाल्लं. एक तास शिल्लक न्हाई. मातीत नुसते खड्डे.
मालक हसले न्हाईत. हसले असते तर बरं वाटलं असतं. खड्ड्यातली एक फुटकी शेंग उचलून माझ्या हातावर ठेवली. म्हणे चल घरी. वाटंत म्हणे, सोयाबीनचं बी चांगलं पाहून आणू.
मी म्हणलं, ठराव बंदुकीचा होता, शेंगांचा न्हाई. बंदूक मी केली. ते म्हणे, तो पाइप हाये. मी म्हणलं, ते ठरवणारे तुमी कोण?

९ ऑक्टोबर, सोमवार
उकंडराव पाटलाकडं मी स्वतः गेले. म्हणलं, माझ्याजवळ बिनलायसनची बंदूक हाये, जप्त करा आन तसं लिहून द्या. त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. एक डोळा मिटून नळीतून बायकोकडं पाहिलं. म्हणे, नर्मदाबाई, हे जप्त केलं तर ठाण्यातले मलाच हसतील. घरी न्या.
मी म्हणलं, पाटील, बिनलायसनची बंदूक ठेवली तर जेल का न्हाई? म्हणे व्हय, जेल. मग टाका की मला जेलात. म्हणे, बाई, पाइपासाठी कुणाला जेलात टाकत न्हाईत.
बंदूक त्यांच्याच ओट्यावर ठेवून आले. सांगून आले, मालकासमोर येऊन जवाब द्यायचा, बंदूक हाये का न्हाई. हाये म्हणले तर मी जेलात, पर तुकडा माझा. आतून निरोप धाडीन, पुढच्या मिरगाला शेंगाच पडतील.
दोन लुगडी आन तंबाखूची पिशवी बांधून ठेवली हाये. पाटलाला बजावलं हाये, शुक्रवारपस्तोर जवाब पाहिजे.