१४६७ला कोळसा कमी लागतो

३ मार्च १९०८, हॅलोबी
आज पोचलो. माझ्या बायकोला, हेस्टरला, घर पसंत पडलं: दोन खोल्या, मागे कोबी लावण्यापुरती जागा, खिडकीतून इंजिनशेडची धुराडी. सहा वर्षं मालगाड्यांवर घासल्यानंतर अखेर एक्स्प्रेस. 'काउंटेस' वर्गाची दहा इंजिनं, पाचच वर्षांपूर्वी बांधलेली, हिरवीगार, चाकं माझ्याहून उंच. मला १४६७ नंबरचं मिळालंय, फायरमन म्हणून, भट्टीत कोळसा टाकायला. ड्रायव्हर इनॉक गार्साइड साठीचे, गुलाबी गालांचे, रविवारी प्रार्थनाघरात खड्या आवाजात गाणारे. मी ड्रायव्हरची परीक्षा पास आहे म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे माझ्या मरणाची वाट बघायला आलायस तर." माणूस आवडला मला.

९ मार्च
पार्सल ऑफिसातल्या काट्यावर सगळे गंमत म्हणून वजन करतात. माझं १६८ पौंड भरलं. बाकीच्या नऊ काउंटेस टेकडीच्या चढावर टनांनी कोळसा खातात. आमची निम्म्यात भागवते. शेडमास्तरांनी पाठ थोपटली. फायरमन मंडळींनी मात्र मला आपादमस्तक न्याहाळलं. एकाने विचारलं, जेवण नीट जातं ना.

२१ मार्च
१५७. हेस्टर रोज मटणाचा पाय करते, मी ताट चाटून पुसून खातो. आज चढाच्या पायथ्याशी मुद्दाम फावडं खाली ठेवलं. वाफ चढतच राहिली. गार्साइडनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. भट्टीसमोर ते कधीच येत नाहीत. फावडं त्यांच्याकडे घसरत गेलं तर पाय आखडून घेतात. हेच काहीतरी करत असावेत. त्यांचा डबा उघडून पाहिला. पाव, कांदा.

२८ मार्च
आधीचा फायरमन किनाऱ्यावरच्या शेडला बदलून गेला, असं गार्साइड सांगत आलेत. तिथल्या माणसाला आज फलाटावर गाठलं. असं कुणी आलंच नाही म्हणाला. मग त्या फायरमनच्या बायकोचं घर शोधलं. तिने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "त्याची शवपेटी उचलायला दोघं पुरले."

४ एप्रिल
१४१. गार्साइडना आडवा गेलो. त्यांनी पाइपमध्ये तंबाखू ठासली. मग म्हणाले, "भट्टीसमोर जो उभा राहील, त्याचं ती घेते. हे मी ठरवलेलं नाही." आधी का बोलला नाहीत, मी विचारलं.
"बोललो असतो तर चढला असतास?"

७ एप्रिल
शेडमास्तरांकडे बदली मागितली. हसले. मालगाडीवरची माझी जागाही भरली म्हणे. नोकरी सोडली तर कंपनीचं घरही जाईल. हेस्टरला पाचवा लागलाय.

११ एप्रिल
१२९. लग्नाची अंगठी हातमोज्यातच गळून राहिली. भट्टीचं दार उघडलं की छातीतून — कुणी दोरा ओढावा तसं —

१५ एप्रिल
गार्साइड आलेच नाहीत. नोकरी सोडून बहिणीकडे गेले. शेडमास्तर म्हणाले, "ॲकरॉइड, उद्यापासून तूच चालव." नवा फायरमन येतोय.

१६ एप्रिल
पर्सी ओल्डरॉइड. अठ्ठावीसचा, दांडगा. हेस्टरसाठी आईने केलेला मुरांबा घेऊन आला. सांगणार होतो त्याला. तेवढ्यात चढ आला. मी खिडकीबाहेर —

१८ एप्रिल
१३३. चार पौंड वाढले. हेस्टर काटा बघून रडली.
पर्सीने विचारलं, इतक्या कमी कोळशात हिचं भागतं कसं. आज सांगायलाच हवं. तो चढतोय इंजिनावर, हाक मारतोय. सांगितलं, तर भट्टीसमोर पुन्हा मी —