भोकांच्या कार्डांची वही कोणाला द्यावी

मी, सहदेव पुंजाजी खर्चे, वय ५८, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टंकलेखकाकडे दिले असते तर संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला मजकूर समजला असता. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. होता असे कोणी सांगू लागल्यास आधी त्याचाच हेतू तपासावा.

कलम १. राहते घर पत्नी झुंबरबाई हिचे. शेजारी हद्दीवरून कुरकुर करील, मोजणीचा नकाशा पेटीत आहे.

कलम २. चार एकर शेत पुतण्या कडूबा यास. यंदा त्याने माझ्या तब्येतीची सहा वेळा चौकशी केली, त्यातली चार वेळा शेताच्या बांधावर उभे राहून. तरी देतो, कारण कसणारा तोच आहे.

कलम ३. निळी वही. मुंबईच्या एका कचेरीत गावोगावच्या पिकांचे तक्ते भोकांच्या कार्डांवरून काढायचे काम मी गणकयंत्रावर करीत असे; एका गावाचे एक कार्ड, त्यावरची भोके म्हणजे त्या गावाचे आकडे. चार तऱ्हेची यंत्रे आली, प्रत्येकाची बोली निराळी. नवे यंत्र आले की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा, त्यात दोन वर्षे जात. म्हणून 'काय करायचे' ते मी वहीत एकदाच लिहिले आणि 'हे यंत्र ते कसे करील' एवढेच वेगळ्या पानांवर ठेवले. दोन वर्षांचे काम सात आठवड्यांत होऊ लागले. वहीवर डोळा ठेवणारेही तेव्हापासून वाढले.

१९६८ साली दोन यंत्रे शेजारी लावून निम्मी निम्मी कार्डे दोघांना वाटली. छापून आलेल्या तक्त्यात जळगाव जामोदची एकतीस गावे नव्हती. माझे सहकारी शेषराव सानप यांनी कार्डे लपवली, असे मी भरल्या कचेरीत बोललो. त्यांची नोकरी गेली, ते सुलतानपूरला शेतीवर परतले. पुढे मी वहीत मुद्दाम एक पायरी चुकीची घातली, म्हणजे चोरणाऱ्याचे काम फसावे. ती कोणत्या पानावर घातली हे नंतर माझे मलाच आठवेना, आणि तिच्यामुळे सबंध वही निकामी झाली.

झुंबरबाई म्हणाली, "शेषरावभाऊले बलवा ना. दुसरं कोन वाचू शकते ते?" मी नाही म्हटले, तिने पत्र धाडले. गेल्या महिन्यात ते आले, दोन दिवस ओसरीवर वाचत बसले. मी समोरून हललो नाही. त्यांनी चुकीच्या दोन पायऱ्या काढल्या.

"म्या तं एकच घातली होती," मी म्हणालो.

"दुसरी आधीचीच हाय. एका यंत्राचं झालं अन् तुम्ही लगेच बेरीज घेतली. दुसऱ्याचं चालूच होतं. एकतीस गावं तिथंच राह्यले."

"तुमाले हे तवाच मालूम होतं?"

"हाव."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोललो तं. तुम्ही माह्या पिशवीत कार्डं शोधून राह्यले होते."

ते जेवून गेले. मी त्यांना एस. टी.पर्यंत पोचवले, पण बोललो ते कपाशीबद्दल.

कलम ४. निळी वही शेषराव सानप यांना द्यावी. त्यांनी घेतली नाही तर आग्रह करू नये. माझ्या तेराव्याला कलम ३ जमलेल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आणि त्या कचेरीतले जे हयात असतील त्यांना नक्कल पाठवावी. वाचणारा कडूबा नसावा. घराण्याची लाज राखायला तो चार ओळी गाळील. कार्डे कोणी लपवली नव्हती. मी शेषरावांवर खोटा आळ घेतला. हे मला जिवंतपणी त्यांच्या तोंडावर म्हणता आले नाही.

अंमल झुंबरबाईने करावा. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर मी त्यांना वाचू दिलेला नाही.

सही: सहदेव पुंजाजी खर्चे

साक्षीदार:
१. तुळशीराम कारभारी नारखेडे, मोताळा
२. महादेवराव तायडे, निवृत्त शिक्षक, मोताळा

मोताळा, दिनांक ९ फेब्रुवारी १९७९