न जाळलेली चित्रं

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४
आचरा

पोहोचलो एकदाचे. पुण्याहून पहाटे निघालो ते दुपारी तीनला इथे. वाटेत श्रियाने तीनदा गाडी थांबवायला लावली, दोनदा चहासाठी आणि एकदा समुद्र दिसला म्हणून नुसतं ओरडायला. बावीस वर्षांची घोडी, पण परीक्षा संपली की चार वर्षांची होते. खरं तर धाकट्या बहिणीला कामावर आणायचं नसतंच. पण "फुकटचे मासे सोडून मी घरी वरणभात खाऊ?" असं म्हणून ती बॅग घेऊन गाडीत बसलीच. आई गेल्यापासून तिचे लाड करायचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे बोलणार कोण.

ही वही कामाच्या नोंदींसाठी, म्हणून कामाचंही लिहिते. विराज हा आमचा फोटोग्राफर. जुन्या चित्रांसारखी माणसं हुबेहूब सजवायची, तोच उजेड, तीच बैठक, आणि त्यांचा फोटो काढायचा, असं त्याचं प्रदर्शन आहे. माणसं सजवणारी मी. दहा चित्रं पुण्याच्या स्टुडिओत उरकली. गेली बारा वर्षं नवऱ्या मुलींची रंगरंगोटी करून मला वीट आला होता, त्यामुळे हे काम म्हणजे सुट्टीच. उरलेली दोन चित्रं इथे भाईंच्या घरी आहेत.

भाई पर्यटकांना खोल्या देतात. बोलायला लागले की भरतीच, ओहोटीचं नाव नाही. राधाबाई म्हणून सत्तरीच्या बाई स्वयंपाक करतात. त्यांच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन श्रियाने पुण्याला परत जायचं नाही असं जाहीर केलंय.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

चित्रं पाहिली. तैलचित्रं आहेत, नव्वद वर्षांची, मधू चितारी नावाच्या इथल्याच माणसाने काढलेली. एका चित्रात नावाडी, मांडीवर वल्हं, उजव्या गालावर मोठा तीळ. दुसऱ्यात सतरा-अठराची मुलगी, केसांत अबोलीची वेणी, डावा हात कानाशी. कातडीचा रंग असा उतरलाय की हेवा वाटला. एक मात्र आहे. दोघंही आपल्याकडे बघत नाहीत, आपल्या खांद्यामागे कोण आलंय ते बघतात.

भाईंनी गोष्ट सांगितली. पूर्वी या वाडीत कुणी समुद्रात गेलं आणि देह मिळाला नाही, तर मधू चितारी त्या माणसाचं चित्र काढून देई आणि घरचे देहाच्या जागी ते चितेवर ठेवत. हा नावाडी आणि ही मुलगी, चंपा, खाडीच्या तोंडाशी एकाच होडीतून बुडाली. दोघंही सापडली नाहीत. चित्रं मात्र इतकी सुरेख झाली की भाईंच्या आजोबांना ती जाळवेनात. त्यांनी गुपचूप कापडाच्या कोऱ्या गुंडाळ्या चितेवर ठेवल्या आणि चित्रं घरी आणली. घरच्यांनी कोऱ्या कापडाला अग्नी दिला. हे कुणाला कधी कळलं नाही, असं म्हणून भाई मोठ्याने हसले. मीही हसले. मनात म्हटलं, मी असते तर हेच केलं असतं.

राधाबाई सोलकढी घेऊन दारात उभ्या होत्या. सगळे पेले फरशीवर गेले.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज नावाडी. त्यासाठी वाडीतलाच बाबली. रापणीच्या होडीवर मासे धरायला जातो आणि हंगामात दशावतारात राक्षस होतो. खांदे तर चित्रातून काढून आणल्यासारखे. पण मला चेहऱ्याला हात लावू देईना. म्हणाला, "रंग आपल्या हातान चढवूचो नि आपल्याच हातान उतरवूचो, ताई. दुसऱ्याच्या हातचो तोंडार बसता." मी म्हटलं, अरे, माझ्या हातचा बसावा म्हणून तर लोक मला बोलावतात. हसला बिचारा आणि बसला.

बाबलीच्या डाव्या कानाची पाळी चिरलेली आहे, भिकबाळी कशात तरी अडकून फाटलेली. चित्रातला कान धड आहे. वीस मिनिटं मेण लावून पाळी सांधली, पेन्सिलीने तीळ काढला. विराज कॅमेऱ्यामागून बघून एवढंच म्हणाला की आता चित्र कुठलं आणि माणूस कुठला ते सांग. फोटो होईपर्यंत बाबली एकदाही हलला नाही. उठल्यावर त्याला रंग पुसून देणार होते, पण तो तसाच निघून गेला. चप्पलही विसरला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

माझ्या डोळ्यांना काय झालंय? आज चित्र नीट पाहिलं तर नावाड्याच्या डाव्या कानाची पाळी चिरलेली. म्हणजे काल मी वीस मिनिटं उगाच मेण थापत बसले. विराज म्हणतो आधीपासून तशीच असेल, तुझं लक्ष नसेल. दिवसभर स्वतःवर चिडचिड झाली. बारीकसारीक बघणं हाच तर माझा धंदा.

त्यात चंपा व्हायला कणकवलीच्या कॉलेजातली सलोनी येणार होती, तिला ताप आला. श्रिया लगेच म्हणाली, मी बसते. विराजने तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि काम ठरलं.

अडचण फक्त तिच्या डाव्या भुवईतल्या खुणेची. तीन टाके. ती चार वर्षांची होती, मी चौदाची. झोपाळ्यावरून उतरेना, म्हणून ढकललं. माझं हे असंच आहे, आधी हात, मग डोकं. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती की आता आयुष्यभर हिला तूच सांभाळायचं. ती खूण मी अठरा वर्षं झाकत आलेय, शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मावशीच्या लग्नापर्यंत. डोळे मिटून झाकेन.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

बारा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम आज झालं. अबोली राधाबाईंच्या परसातली, पण वेणी करायला त्यांनी नकार दिला. कारण सांगितलं नाही, मग मीच ओवली. भुवई भरली, खूण गेली. श्रिया खुर्चीत बसेपर्यंत बडबडत होती. हात कानाशी नेला आणि गप्प झाली. श्रिया आणि गप्प! पाऊण तास.

नंतर खोबरेल तेलाने तिचा चेहरा पुसला, साबणाने धुतला. खूण दिसली नाही. काय झाकलंय मी, वा! स्वतःचीच पाठ थोपटली.

जेवताना श्रियाने भात खाल्ला. मासा बाजूला ठेवला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

बाबलीची बायको सीता सकाळी दारात. तीन दिवस नवरा घरात पाऊल टाकत नाही. वाडीच्या टोकाला नवं रिसॉर्ट झालंय, त्याच्या कुंपणापाशी उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, आमचो माड खंय गेलो. पोरांना ओळखत नाही. मोबाईल वाजला की दचकतो. सीता मला म्हणाली, तुम्ही रंग लावलात, तुम्हीच पुसा.

गेले. तेलाचा कापूस गालावर दहा वेळा फिरवला. तीळ हलला नाही. कानाचं मेण नखाने उचकटायला गेले.

मेण नव्हतं. रक्त आलं.

तो ओरडला नाही. माझ्या खांद्यामागे बघत राहिला.

रविवार, २४ नोव्हेंबर

विराज फोटो घेऊन पुण्याला गेला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, तू दमली आहेस, माणसं विचित्र वागतात, तिळाचं काय एवढं. मीही जाणार होते. श्रिया गाडीत बसेना. दाराची चौकट धरून उभी राहिली. हात सोडवायला गेले तर ढकललं मला, केवढ्या जोरात.

तिचा फोन दोन दिवस तसाच पडलाय. पायरीवर बसून केस विंचरते. मला ताई म्हणाली नाही अजून. भीती वाटते आहे. लिहून टाकलं, बरं वाटेल म्हणून. नाही वाटत.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सकाळी श्रिया स्वयंपाकघरात गेली आणि राधाबाईंना विचारलं, "बाळगो खंय आसा गो?"

श्रियाला मालवणीतला एक शब्द येत नाही.

राधाबाईंनी मला ओढून परसात नेलं. बाळगो म्हणजे त्यांचे वडील. जाऊन तीस वर्षं झाली. चंपा ही बाळगोची थोरली बहीण. बाळगो पाच वर्षांचा असताना ती बुडाली. चितेवर तिचं चित्र जाळलं, असंच ते मरेपर्यंत समजत होते. भाईंच्या तोंडून खरं काय ते राधाबाईंनी त्या दिवशी, माझ्यासोबतच ऐकलं.

मला म्हणाल्या, "आग मिळाक नाय, म्हणान ती दोघा रवली. आता तू तेंका कुडी दिलंस." रागाने नाही म्हणाल्या. राग चालला असता मला.

हात धरून विचारलं, आता काय करू. म्हणाल्या, गुरुवारी देवळात कौल लावू, देव सांगेल तसं करू. तोवर कशाला हात लावू नको. दोनदा बजावलं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ती झोपेत असताना गाडीत घालून कणकवलीला नेली. डॉक्टर म्हणाले, परीक्षेचा ताण. गोळ्या दिल्या. दवाखान्यात तिला जाग आली. ट्रकच्या आवाजाने कान झाकून किंचाळायला लागली. परत आणावी लागली.

येताना विचारलं, माझं नाव काय. तुझ्या बहिणीचं. समीक्षा म्हण. एकदा म्हण —

खिडकीबाहेर बघत होती. भात कापून झालाय, म्हणाली. नाव नाही.

आईला काय सांगू. फोटोतल्या आईलासुद्धा —

भाईंना म्हटलं चित्र द्या, जाळायचंय. हसले. आजोबांनी जे वाचवलं ते मी जाळू?

दिलं नाही तर नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर. सकाळ

कौल उद्या. उद्यापर्यंत कोण थांबणार. जे नव्वद वर्षांपूर्वी करायचं राहिलं ते करून टाकायचं. आग मिळाली की चंपा जाईल. श्रिया परत येईल. साधं तर आहे.

भाई कुणकेश्वरला गेलेत. चित्र चौकटीतून काढलं. बघितलं नाही, चादरीत गुंडाळलं. सुरूच्या बनामागे, वाळूवर. सुक्या झावळ्या, चुलीतले निखारे. श्रियालाही आणलंय. शेजारी बसून केस विंचरतेय.

चादर काढली. चित्र झावळ्यांवर टेकवलं. हात जोडले.

पेटलं. खालून. चित्रातला पदर जळतोय. लिहितेय, काहीतरी धरायला हवं —

तिला विचारलं, बरं वाटतंय का. हसली. "बरां केलंस गो. आता माका खंय जावचा नाय."

जायचं नाही? पण चित्र जळलं की तिने —

ऊन तिच्या तोंडावर आहे. डावी भुवई सलग. पाच दिवसांत कितीदा धुतला मी हा चेहरा. रंग कुठला राहणार —

बाबलीचा कान. माणसाचा धड झाला. चिरलेला चित्रात गेला. चित्रात —

आग वेणीपर्यंत आलीय. चित्रातली मुलगी खांद्यामागे बघत नाही आता. माझ्याकडे बघते. डाव्या भुवईत तीन टाके

मी ढकललं होतं, मी श्रि