एकतिसावा प्रश्न

३ फेब्रुवारी

आज पुन्हा ऐंशी मैल गाडी हाकत राजधानीला. समितीची तिसरी बैठक! नव्या कायद्याप्रमाणे नववीच्या इतिहासाच्या परीक्षेतला एकेक प्रश्न तपासायचा — ठेवा, बदला, काढा. एकूण पंचेचाळीस. दिवसभरात अकरा झाले. गुडघा ठणकतोय.

समितीची प्रमुख डार्ला प्रुइट. माझीच विद्यार्थिनी. मागच्या बाकावर बसून नखं रंगवायची, आता हा कायदा आणणाऱ्या आमदारसाहेबांचा उजवा हात! मला बघून उठून उभी राहिली. "बाई, तुम्ही इथे पुढे बसा ना." एवढं गोड बोलली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

१० फेब्रुवारी

एकतिसाव्यावर गाडी अडली. ‘१८८९च्या जमीन-दौडीत सूनर कोणाला म्हणत?’ प्रश्न माझाच, नऊ वर्षांपूर्वी दिलेला. बार उडाला की घोडे-गाड्या पिटाळायच्या, आधी झेंडा रोवेल त्याची जमीन, अशी ती सरकारी दौड. बरोबर उत्तर ‘ब’ — दौड सुरू झाल्याचा बार उडण्याआधीच चोरून आत शिरून चांगल्या जमिनी बळकावणारे.

डार्ला म्हणाली, "बाई, ‘चोरून’ नको. राज्य वसवणाऱ्यांना कमीपणा येईल असं काही ठेवता येत नाही. कायदाच आहे."

"अगं, पण ते चोरूनच शिरले होते!"

"हो, पण मुलांना कशाला सांगायचं?"

मुलांना नाही तर कुणाला सांगायचं? इतिहास शिकवते ना मी? की झोपेत बडबडते?

घरी येऊन नवऱ्याला, व्हर्लला सांगितलं. हा बाबा खुर्चीत, डोक्यावर विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची लाल टोपी, टोपीवर संघाचं नाव — तोच शब्द, ‘सूनर’.

"म्हणजे चाळीस वर्षं मी चोरांची टोपी घालून फिरतोय?"

"हो."

"असू दे. टोपी चांगली आहे. चल, तळलेली भेंडी गार होतेय."

११ फेब्रुवारी

पाचही तास बसून शिकवलं. उभं राहवेना.

२० फेब्रुवारी

वर्गात दौडीचा धडा. जोलीन फिक्सिको कधी तोंड उघडत नाही, आज बोलली. ती मस्कोगी, मूळ अमेरिकन जमातीतली. म्हणे, "बाई, तिसरीत आम्ही दौडीचं नाटक केलं होतं ना, खोक्यांच्या गाड्या ओढत. मी हळू धावले, मला झेंडा रोवायला जागाच उरली नाही. खूप रडले. घरी आजी म्हणाली, रडतेस काय वेडे, ती जमीन आपलीच होती!"

पोरं हसली. जोलीनही हसली. मला मात्र हसू येईना. त्या नाटकात दौड सुरू करायची शिट्टी, इतिहासाची बाई म्हणून, दरवर्षी मीच वाजवायचे.

३ मार्च

आज सही केली.

डार्लाने जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं. एकतिसाव्यात ‘ब’चं नवं उत्तर — ‘नव्या भूमीवर सर्वांत आधी पोचलेले धाडसी लोक’. बत्तिसावा प्रश्न होता, ती जमीन त्याआधी कोणाची. तोही काढायच्या यादीत! "बाई, तुम्ही एकतिसाव्यावर सही करा, बत्तिसाव्याला मी कुणाला हात लावू देत नाही. शब्द देते." शिक्षकांची सही असली की बाहेर कुणी ओरडत नाही, हेही तिने सांगून टाकलं. लबाड नाही पोरगी. स्पष्ट बोलते.

बत्तिसाव्यासाठी केली असं व्हर्लला सांगितलं. खोटं नाही ते. पण खरं सांगायचं तर चार वाजले होते, बाहेर वारा सुटला होता आणि मला घरी जायचं होतं. एकोणतीस वर्षं शिकवतेय. एका शब्दावरून भांडायला अंगात त्राण नव्हतं.

‘शिक्षक-प्रतिनिधींना मान्य’. त्याखाली माझं नाव. लोरीन स्टकी. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं!

१९ मार्च

शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "तू तिथे होतीस म्हणून बरं झालं, लोरीन." मी कॉफी ओतत राहिले.

२३ एप्रिल

उद्या परीक्षा. पर्यवेक्षणाला मीच. प्रश्नपत्रिकांचं पाकीट सीलबंद आहे. एकदाचं होऊन जाऊ दे.

२४ एप्रिल

बत्तिसावा प्रश्न नाही. त्याच्या जागी रेल्वेचा आहे.

सव्वादहाला जोलीनने हात वर केला. "बाई, एकतिसाव्यात बरोबर उत्तरच नाहीये."

पर्यवेक्षकाने छापील सूचनांपलीकडे एक अक्षर बोलायचं नसतं. बोलला तर शिकवायचा परवाना जातो.

मी म्हटलं, "नाहीच आहे. काढणाऱ्यांत मीही होते." सगळ्या वर्गाने ऐकलं.